लिथॉप्सची नोंद: अडकलेली पानं आणि मसाईच्या भेगा

एप्रिलअखेर. लिथॉप्सच्या, म्हणजे गोट्यासारख्या दिसणाऱ्या दोन जाड पानांच्या रोपाच्या, कुंड्या नऊ होत्या, जिवंत सात.

आधी बिघडलेलं सांगतो. जानेवारीत दोन पानांमधल्या फटीतून पानांची नवी जोडी डोकावली, जुनी पानं सुरकुतली, आणि मला राहवलं नाही. चार रोपांना दोनदा पाणी घातलं. आता त्या चारांची जुनी जोडी टम्म आहे आणि नवी तिच्यात अडकलीय. खरं तर त्या सुरकुत्या हव्याच होत्या. नवी पानं जुन्यांतलं पाणी ओढूनच वाढतात, शेवटी जुन्यांचं कागदासारखं साल उरतं. वरून पाणी मिळालं की जुनी पानं रिकामी होतच नाहीत. फेब्रुवारीपासून पाणी पूर्ण बंद ठेवलंय.

दोन रोपं गेली ती मात्र माझ्या चुकीच्या समजुतीनं. लिथॉप्स दक्षिण आफ्रिका-नामिबियातल्या खडकाळ, उथळ मातीतलं, म्हणून मी ती दोन इंची बशीत लावली. गच्चीवरच्या उन्हात बशी तापली, मुळं भाजली.

गेल्या रविवारी पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर गेलो तेव्हा उलगडा झाला. जांभ्याच्या सड्यावर माती बोटभर, पण वाळकं गवत उपटून पाहिलं तर मूळ भेगेत खोल उतरलेलं. वर उथळ, खाली वाट. लिथॉप्सलाही सोटमूळ असतं, त्यालाही अशी वाट हवी.

पाचगणीच्या टेबललँडवरची युफोर्बिया पंचगणिएन्सिस ही वनस्पती जमिनीखालच्या कंदावर तग धरते. लिथॉप्सचंही अंग जमिनीतच, पण ते हिरवेपण सोडत नाही. पानाच्या माथ्यावर अर्धपारदर्शक खिडक्या असतात. ऊन तिथून आत झिरपतं आणि खोलवरच्या हिरव्या पेशींपर्यंत पोचतं. दुष्काळात अंग आक्रसून खड्यांच्याही खाली जातं. विल्यम बर्चेल या इंग्रज निसर्गसंशोधकानं 1811 मध्ये ते पहिल्यांदा उचललं ते गोटा समजूनच! मला हे दरवेळी नव्यानं थक्क करतं.

तर आता धडधाकट तीन रोपं चार इंच खोल कुंड्यांत गेलीत. तीन भाग काळ्या दगडाची कच, धूळ चाळून काढलेली, आणि एक भाग कुजलेला पालापाचोळा. वर खड्यांचा थर, म्हणजे मान कोरडी राहते. अडकलेल्या चारांना अजून हात लावायचा नाही. मिरगाच्या आत सगळ्या कुंड्या पारदर्शक पत्र्याखाली घेणार, आपल्याकडच्या चार महिन्यांच्या ओलीत त्या उघड्यावर टिकणार नाहीत.

आज सकाळी त्या चारांतल्या एकाचं जुनं पान बोटाखाली किंचित दबलं.