ग्रेट स्वॉम्पमधली निळी फळे

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात न्यू जर्सीतल्या ‘ग्रेट स्वॉम्प’ या राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्यात मी गेलो तो पक्षी पाहायला. पण लाकडी फळ्यांच्या वाटेलगत निळ्या फळांच्या घोसांनी वाकलेले, पुरुषभर उंचीचे एक झुडूप दिसले आणि दुर्बीण गळ्यातच राहिली.

पाने समोरासमोर होती आणि त्यांच्या शिरा कडेला जाऊन न संपता टोकाकडे कमानीसारख्या वळत होत्या, म्हणजे कुळ डॉगवुडचे हे उघड होते. (आपल्याकडचा अंकोलही आता याच कुळात गणला जातो.) अभयारण्यात पान तोडायचे नसते, मात्र एक मोडकी डहाळी वाटेवरच पडली होती. तिचे पान आडवे फाडून दोन्ही तुकडे अलगद दूर ओढले, तेव्हा शिरांमधून कोळिष्टकासारखे बारीक धागे ताणले गेले आणि खालचा तुकडा त्यांवर लोंबकळत राहिला. ही खूण मला कोणत्याही पुस्तकी वर्णनापेक्षा अधिक भरवशाची वाटते.

जात ठरवायला मात्र डहाळीच्या आत पाहावे लागले. इथल्या ‘रेड ओझिअर’ डॉगवुडच्या फांद्याही लालसर असतात, पण तिचा गाभा पांढरा आणि फळेही पांढरट. ‘ग्रे’ डॉगवुडची पांढरी फळे लाल देठांवर येतात. माझ्या हातातल्या डहाळीचा गाभा तपकिरी होता आणि झुडपावरच्या निळ्या फळांवर चिनी मातीच्या बशीसारखे पांढरट डाग होते. हे ‘सिल्की’ डॉगवुड, म्हणजेच कॉर्नस अमोमम.

ते जिथे उभे होते ती जागाही या ओळखीला पुष्टी देणारी होती. हिमयुगाच्या अखेरीस इथे पसरलेल्या पसेइक सरोवराच्या तळाशी चिकणमातीचे थर साचले; त्यांतून पाणी सहज झिरपत नाही, म्हणून ही दलदल टिकून आहे. याच जागी विमानतळ बांधण्याचा प्रस्ताव 1959 मध्ये पुढे आला होता. रहिवाशांनी पैसे जमवून जमीन विकत घेतली आणि ती सरकारला दिली, तेव्हा 1960 मध्ये हे अभयारण्य झाले. साचलेल्या पाण्यात बटनबुश, थोड्या उंचवट्यावर रेड मेपल आणि या दोहोंच्या मधल्या, पाऊल रुतेल अशा काठावर हे झुडूप होते.

मी टिपण करत असतानाच मांजरासारखा आवाज काढत एक कॅटबर्ड त्या झुडपात शिरला आणि माझ्याकडे ढुंकूनही न पाहता फळे गिळू लागला.