जुन्या बाहा बग्गीला रिक्षाचे इंजिन: निवड आणि बसवणी

विद्यार्थ्यांनी बनवलेल्या, खडबडीत जमिनीवर धावणाऱ्या बग्गींच्या बाहा स्पर्धेत सगळ्या पेट्रोल गाड्यांना एकाच प्रकारचे इंजिन वापरावे लागते. आमच्या जुन्या बग्गीत ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचे ३०५ सीसीचे, दहा अश्वशक्तीचे इंजिन होते आणि नियमाप्रमाणे त्यात कोणताही बदल करता येत नव्हता. महाविद्यालयाच्या संघाने ते इंजिन आणि सीव्हीटी (पट्ट्यावर चालणारा, आपोआप बदलणारा गिअर) नव्या गाडीसाठी काढून घेतल्यावर सांगाडा, सस्पेन्शन आणि स्टिअरिंग एवढेच उरले. हा सांगाडा आता स्पर्धेत उतरणार नाही. नव्या मुलांना खडबडीत जमिनीवर सराव करता यावा, एवढाच त्याचा उपयोग आहे. त्यामुळे इंजिन निवडण्याची मोकळीक प्रथमच मिळाली आणि आम्ही ती निवड सावकाश, आकडेमोड करून केली.

सुरुवातीला बहुतेकांचा कल पल्सर २२० मोटारसायकलच्या इंजिनाकडे होता. हे इंजिन पुण्यात सहज मिळते, त्याचे सुटे भाग नाना पेठेत कोणत्याही दिवशी मिळतात आणि २१ पीएस (मेट्रिक अश्वशक्ती) ही शक्ती जुन्या इंजिनाच्या दुप्पट आहे. मात्र त्याचा सुमारे १९ न्यूटन मीटरचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ७००० आरपीएमला (मिनिटाला फेरे) मिळतो, आणि दगडातून वाट काढणाऱ्या गाडीचे इंजिन बहुतेक वेळ त्याच्या निम्म्या आरपीएमवर चालते. दुसरा विचार ३५० सीसीच्या बुलेटचा झाला. युनिट कन्स्ट्रक्शनच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच आवरणात असलेल्या) इंजिनात २८ न्यूटन मीटर टॉर्क ४००० आरपीएमलाच मिळतो, हे खरोखर मोहात पाडणारे आहे. पण ते वजनदार आहे, आणि आमच्या सांगाड्यात मागच्या बाजूला वजन वाढवले की चढावर पुढची चाके हलकी होतात.

दोन्ही मोटारसायकल इंजिनांना तीन गोष्टी नाहीत आणि माझ्या मते निवड तिथेच ठरते. त्यांना रिव्हर्स नाही. त्यांना डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरजोडणी नाही, म्हणून चेन, स्प्रॉकेट आणि वेगळा गिअरबॉक्स यांची जोडणी आपणच उभी करायची आणि ती धुळीत राखायची. शिवाय ही इंजिने समोरून येणाऱ्या वाऱ्यावर थंड राहतात. बग्गीत इंजिन चालकाच्या मागे, फायरवॉलच्या (चालक आणि इंजिन यांमधल्या पत्र्याच्या) आड असते आणि पहिल्या गिअरमध्ये ताशी दहा किलोमीटरने चढ चढताना वारा असा काही मिळतच नाही.

या तिन्ही गोष्टी ज्यात तयार मिळतात ते इंजिन पुण्याच्या प्रत्येक चौकात उभे असते. बजाज आरई रिक्षाचे सुमारे २०० सीसीचे चार-स्ट्रोक इंजिन मागेच बसण्यासाठी बनवलेले आहे, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल त्याच्याच आवरणात आहेत, चार गिअर पुढे आणि एक मागे आहे, आणि मॅग्नेटोवरचा (इंजिनासोबत फिरणाऱ्या वीजजनकावरचा) पंखा पत्र्याच्या आवरणातून सिलिंडरच्या फिन्सवर, म्हणजे थंड करणाऱ्या पात्यांवर हवा ढकलतो, त्यामुळे गाडी थांबली तरी इंजिन थंड होत राहते. शक्ती दहा अश्वशक्तीच्या आसपासच आहे, म्हणून काही सदस्यांना हा बदल निरर्थक वाटला. त्यांच्यासाठी मी पुढील हिशेब मांडला.

रिक्षाच्या ४.००-८ टायरचा बाहेरचा व्यास सुमारे ४१ सेंटीमीटर असतो. आमचे जुने टायर २३ इंचांचे, म्हणजे साधारण ५८ सेंटीमीटरचे होते. चाक जितके मोठे तितकी ओढ कमी, त्यामुळे तेच ठेवले असते तर जमिनीवर मिळणारी ओढ रिक्षापेक्षा जवळपास तीस टक्क्यांनी घटली असती. २१ इंचांचे टायर घेतल्यास ओढ रिक्षाच्या ७७ टक्के राहते आणि ग्राउंड क्लिअरन्स फक्त अडीच सेंटीमीटरने कमी होतो. आता वजन पाहावे: चालक आणि तीन प्रवासी घेतलेली रिक्षा सहाशे किलोच्या घरात जाते, आमची बग्गी चालकासह २८० किलोच्या आसपास आहे. म्हणजे किलोमागे मिळणारी ओढ भरलेल्या रिक्षापेक्षा दीडपटीहून अधिक होते, आणि भरलेली रिक्षा कात्रजचा घाट रोज चढते. इंजिनाची घोडाशक्ती पाहून जो अंदाज बांधला जातो, त्यापेक्षा हा हिशेब मला अधिक विश्वासार्ह वाटतो.

इंजिन घेताना दोन बाबी कटाक्षाने पाळाव्यात. पहिली म्हणजे, रिक्षा रीतसर मोडीत निघाल्याची कागदपत्रे आणि इंजिन नंबर लिहिलेली पावती मिळाल्याशिवाय पैसे देऊ नयेत. दुसरी बाब आम्हाला एका जुन्या रिक्षा मिस्त्रींनी सांगितली: "दादा, आधी रिव्हर्स टाकून बघा. पुढचे गिअर सगळेच बघतात." गाडी पूर्ण थांबण्याआधी रिव्हर्स ओढल्यामुळे त्या गिअरचे दात झिजतात, हे त्यांचे कारण होते. पुण्यातल्या बहुतेक रिक्षा सीएनजीवर धावतात, आणि कोरड्या वायूमुळे व्हॉल्व्ह सीट लवकर झिजतात. म्हणून आम्ही हेड उतरवून पोर्टमध्ये रॉकेल ओतले, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह झिरपत असल्याचे पाहिले आणि दोन्ही व्हॉल्व्ह लॅप करून (सीटवर घासून घट्ट बसतील असे) घेतले. पेट्रोलचा कार्बोरेटर वर्षानुवर्षे न वापरल्याने आतून चिकट झाला होता, तो बदलला.

इंजिन बसवताना ते उलट्या दिशेने फिरवून ठेवले तर फायरवॉलजवळ जागा मोकळी होते, असे एका सदस्याने सुचवले होते. तसे केल्यास चाकांची दिशाही उलटते आणि चार गिअर मागे व एक पुढे अशी अवस्था होते, म्हणून रिक्षातलीच दिशा कायम ठेवली आणि त्याऐवजी मागच्या आडव्या नळ्या नव्याने वाकवून घेतल्या. इंजिन धरणारे क्रेडल (चौकट) रबर बुशांवर टेकवले आहे.

सर्वांत अधिक वेळ ड्राइव्ह शाफ्टला (डिफरन्शियलपासून चाकापर्यंतच्या दांड्यांना) लागला आणि तो लागणे योग्यच होते. रिक्षाच्या आखूड शाफ्टला चाकाची एवढी वरखाली हालचाल सोसत नाही. आम्ही आल्टो मोटारीचे शाफ्ट घेतले, कारण त्यांच्या आतल्या बाजूचा ट्रायपॉड जॉइंट (तीन बोटांचा सांधा) साधारण वीस अंशांपर्यंत वाकतो आणि लांबीतला फरकही सरकून सामावून घेतो. प्रश्न होता तो रिक्षाच्या डिफरन्शियलची स्प्लाइन (दातेरी टोक) आणि आल्टोचा ट्रायपॉड कप एकमेकांना जोडण्याचा. भोसरीतल्या लेथवर रिक्षाच्या कपलिंगचा स्प्लाइनचा तुकडा कापून, बाहेरून गोल करून, ईएन-८ पोलादाच्या फ्लँजमध्ये (जोडणीच्या चकतीत) घट्ट बसवला. या पोलादात कार्बन जास्त असल्याने थंड अवस्थेत वेल्डिंग केल्यास कडेला तडे जातात. म्हणून फ्लँज आधी तापवली, चार तुकड्यांत समोरासमोर वेल्ड केले आणि जोड राखेत पुरून रात्रभर सावकाश गार होऊ दिला. दुसऱ्या दिवशी डायल गेजची सुई फ्लँजच्या कडेला लावून शाफ्ट हाताने फिरवला, तेव्हा सुई दहा शतांश मिलिमीटरच्या आतच हलत होती. त्यानंतरच कप बोल्टने जोडले.

गिअर बदलण्याची व्यवस्था रिक्षात हँडलच्या डाव्या मुठीत असते आणि दोन केबल आलटून पालटून ओढल्या जातात. आम्ही मुठीतली पुली काढून ती बाजूच्या लिव्हरच्या अक्षावर बसवली. केबल जिथे वळतात तिथे वळणाची त्रिज्या मोठी ठेवावी लागते, नाहीतर दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मधली जागा हाताला कळत नाही. रिव्हर्सचा दांडा वेगळा आहे आणि तो चुकून ओढला जाऊ नये म्हणून त्याला खाच दिली आहे. क्लच पायावर घेतला.

किल स्विचबाबत (इंजिन तात्काळ बंद करणाऱ्या बटणाबाबत) सावध करणे मला आवश्यक वाटते. जुन्या ब्रिग्जच्या मॅग्नेटोची वायर अर्थ केली की इंजिन बंद पडत असे. रिक्षाच्या इंजिनाच्या, बॅटरीवर चालणाऱ्या सीडीआयचा (ठिणगी देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पेटीचा) मात्र पुरवठा तोडावा लागतो. जुने स्विच तसेच जोडले तर बटण दाबूनही इंजिन चालूच राहील. आम्ही चालकाजवळचे आणि बाहेरचे, असे दोन्ही स्विच बदलले आणि प्रत्येक वेळी गाडी बाहेर काढण्यापूर्वी दोन्ही तपासतो.

चाचणी वाघोलीजवळच्या एका खाजगी जमिनीवर, मालकांच्या परवानगीने घेतली. पुण्याच्या टेकड्या चालणाऱ्यांच्या आणि झाडांच्या आहेत, तिथे अशी गाडी नेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. मुरमाच्या चढावर पहिला गिअर अर्ध्या थ्रॉटलवर शांतपणे ओढतो, सपाटीवर तिसरा पुरतो, आणि चौथा मोठ्या टायरमुळे जड जातो. सरावाच्या गाडीला त्याची फारशी गरजही नाही. दगडात अडकल्यावर रिव्हर्स टाकून स्वतःच बाहेर येता येते, आणि जुन्या गाडीला जिथे चार जणांनी ढकलावे लागत असे तिथे आता कोणाला उतरावे लागत नाही. मोकळ्या डिफरन्शियलमुळे एक चाक हवेत गेले की तेच नुसते फिरते, ही मर्यादा आहेच. त्यासाठी मागचे स्प्रिंग थोडे मऊ केल्यावर फरक पडला.

सध्या लक्ष पंख्याच्या तोंडाकडे आहे. मुरमाची बारीक धूळ फिन्सच्या मधे बसते आणि तेलाच्या थराला चिकटते. तोंडावर जाळी लावली तर हवा कमी होते, म्हणून हवा छताजवळून, स्वच्छ उंचीवरून आणणारी पत्र्याची नळी तयार करत आहोत. ती बसल्यावर स्पार्क प्लगखालच्या वॉशरला लावलेल्या थर्मोकपलने (तापमान मोजणाऱ्या तारेने) आधीचे आणि नंतरचे तापमान एकाच चढावर मोजायचे आहे, आणि ते आकडे हाती येईपर्यंत कार्बोरेटरच्या जेटला (पेट्रोलचे प्रमाण ठरवणाऱ्या छिद्राला) हात लावायचा नाही असे ठरवले आहे.