तुम्ही विचारलंत म्हणून : कार्यक्रमात हमखास काय फसतं?

बरीच वर्षं चर्चासत्रं, संमेलनं, बक्षीस समारंभ असं काहीबाही जुळवून देत आलोय. त्यामुळे पहिल्यांदाच कार्यक्रम अंगावर घेतलेली माणसं फोन करतात आणि विचारतात, "हमखास काय विसरायला होतं?" माझं उत्तर त्यांना फारसं आवडत नाही. विसरायला सहसा काही होत नाही. माइक, खुर्च्या, पाणी, सगळं यादीत असतं. फसतं ते दोन कामांच्या मधल्या फटीत, जिथे "ते तो बघतोय ना" असं दोघांनाही वाटत असतं.

माझीच फजिती सांगतो. ३०० जणांचं चर्चासत्र, दहाची वेळ. साडेनऊला दार उघडलं. नोंदणीला दोन टेबलं आणि दोन चुणचुणीत पोरं. दहाला पाहुणे मंचावर जाऊन बसले, समोर जेमतेम नव्वद डोकी आणि बाहेरची रांग जिन्यावरून थेट खाली. पोरांचं काहीच चुकलं नव्हतं. नाव शोधायचं, सही घ्यायची, बिल्ला द्यायचा, माणशी ४० सेकंद. ३०० माणसांना दोन टेबलांवर १०० मिनिटं लागणारच. शाळेतलं हे गणित आम्ही महिनाभरात एकदाही मांडलं नव्हतं. एक जण हॉल बघत होता, दुसरा निमंत्रणं. माणूस दारातून खुर्चीपर्यंत कसा पोहोचणार, हे कुणाच्याच वाट्याला आलं नव्हतं.

आता तेवढ्याच माणसांना मी सहा टेबलं मांडतो, ३३-३४ मिनिटांत रांग संपते. शिवाय सातवं टेबल, जरा बाजूला, यादीत नाव न सापडणाऱ्यांसाठी. असा एक माणूस पाच मिनिटं अडला की मागच्या सात-आठ जणांचा वेळ गेलाच. वर सगळे त्याच्याकडे बघत असतात, ते वेगळंच. सहा टेबलं जमत नसतील तर निदान हे एक तरी वेगळं काढा.

वेळापत्रकातही तीच फट. आठ वक्ते, दहा-दहा मिनिटं, म्हणजे ८० मिनिटं असं लिहून आपण मोकळे होतो. निवेदक ओळख करून देतो, वक्ता उठून येतो, माइक खाली-वर करतो, "आवाज येतोय का मागे?" विचारतो. यात तीन मिनिटं सहज जातात. आठ वेळा मिळून २४. कुणीही एक शब्द जास्त न बोलता कार्यक्रम जवळजवळ अर्धा तास लांबतो आणि "आवरतं घ्या"ची चिठ्ठी जाते शेवटच्या वक्त्याला. बहुतेकदा सगळ्यात तयारीनं आलेला तोच असतो बिचारा.

यंत्रांचं थोडक्यात. वायरलेस माइकमध्ये त्याच दिवशी नवे सेल घाला. माइक हातात घेऊन स्पीकरच्या पुढे जाऊ नका, स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये शिरतो आणि कान फाटेल अशी शिट्टी वाजते. रिकाम्या हॉलमध्ये घेतलेली चाचणी अर्धीच समजा. माणसं भरली की आवाज शोषला जातो, म्हणून साउंडवाल्यानं पहिल्या भाषणाला जागा सोडायची नाही. स्लाइड्सची पीडीएफ प्रत जवळ ठेवा, नाहीतर दुसऱ्याच्या लॅपटॉपवर देवनागरीच्या जागी चौकोन दिसतात.

जादा सोय केली की निर्धास्त, असंही नाही. २०१७ चा ऑस्कर समारंभ आठवा. सोय म्हणून मंचाच्या दोन्ही बाजूंना पाकिटांचा एकेक पूर्ण संच ठेवलेला होता. सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं एका बाजूचं पाकीट वापरून झालं, दुसऱ्या बाजूचं तसंच उरलं आणि नेमकं तेच सर्वोत्कृष्ट चित्रपट जाहीर करणाऱ्यांच्या हातात गेलं. भलताच चित्रपट जाहीर झाला, त्याची माणसं मंचावर येऊन आभारही मानायला लागली. तेव्हापासून मी कार्यक्रमपत्रिकेची नवी प्रत वाटताना जुनी मागून घेतो आणि समोरच फाडतो. लोकांना हा विक्षिप्तपणा वाटतो. वाटू दे.

आणि एक माणूस पूर्ण रिकामा ठेवा, ज्याला निर्णय घेता येतो पण काम एकही दिलेलं नाही. यावर हमखास वाद होतो, "इथे माणसं कमी पडतायत आणि तुम्ही एकाला बसवून ठेवताय?" पूर्वी मीही सगळं स्वतःच्या अंगावर घ्यायचो. एकदा मी फाटकाशी गाड्या लावून घेत होतो आणि वर प्रोजेक्टर बंद पडलेला. पडदा काढून पुढे जायचं की थांबायचं, एवढंच विचारायला तिघं मला शोधत होते. फोन खिशात वाजत होता, हॉर्नच्या गोंगाटात मला ऐकू आला नाही.

तो दिवस तरी पार पडला. आभार झाले, फोटो झाले, स्वयंसेवक पांगले. रात्री घरी जेवायला बसलो तर हॉलच्या रखवालदाराचा फोन. कुलूप लावायचं होतं. किल्ली माझ्याच खिशात होती.