काटा बरोबर होता, माझाच रेफरन्स चुकला

मे महिना, कूलर पण गरमच हवा फेकून राहिला होता आणि नागपुरात कळमन्याकडच्या एका धरमकाट्यावरून फोन, "भाऊ, कॉम्प्युटर पुन्हा अटकला." पुन्हा म्हणजे दर पंधरवड्याला. रीस्टार्ट केला की चालतो, म्हणून मी पण टाळतच होतो, खोटं कशाला बोलू.

तिथली सिस्टीम अशी की लोडसेलचे, म्हणजे काट्याखालच्या वजन मोजणाऱ्या सेन्सरचे, आकडे वाचणारा कोड सी मध्ये, पावती-हिशोब पायथनमध्ये, आणि मधला जोड माझ्या हातचा. सेकंदाला 100 रीडिंग. सी च्या बाजूने प्रत्येक आकड्याचा पायथन फ्लोट, म्हणजे दशांश आकडा, बनवायचा आणि पायलिस्ट_अपेंडने लिस्टमध्ये टाकायचा, बस. पायथन प्रत्येक वस्तू किती जणांनी धरलीय ते मोजतो, एकेक पकड म्हणजे रेफरन्स, आणि काउंट शून्य झाला की मेमरी मोकळी. आता फ्लोट बनतो तेव्हा त्याचा काउंट 1, तो आपल्या नावावर. अपेंड स्वतःचा एक वाढवते, झाले 2. पुढे लिस्ट मरते, तिचा एक जातो, माझा तसाच राहतो कारण मी डेकरेफ, म्हणजे आपला रेफरन्स सोडणं, केलंच नव्हतं. मला वाटायचं पायथनमध्ये नको असलेली मेमरी साफ करणारा गार्बेज कलेक्टर आहे ना, बघेल तो. तो काय बघणार, त्याला एकमेकांना धरून गोल गोल अडकलेल्या लिस्ट-डिक्शनरी सापडतात, सी मधून कोणी काय धरून ठेवलंय हे त्याला कळायला मार्गच नाही. 64 बिटवर एक फ्लोट 24 बाइटचा, सेकंदाला 100, म्हणजे दिवसाला 200 एमबीच्या वर, आणि मशीन 4 जीबीची. पंधरवडा कुठून आला ते कळलं.

गंमत अशी की लिस्टमध्ये ठरलेल्या जागी आकडा ठेवणारी पायलिस्ट_सेटआयटेम उलटी वागते, ती तुमचाच रेफरन्स घेऊन टाकते, डॉक्युमेंटेशनमध्ये शब्दच 'स्टील' आहे. तिच्यानंतर डेकरेफ केलं की मेलात, अपेंडनंतर नाही केलं की मेलात. नावं बघून कोण ओळखेल बे?

मग मी जोशात येऊन दिसेल तिथे डेकरेफ टाकत सुटलो, लिस्टमधला आकडा वाचून देणाऱ्या पायलिस्ट_गेटआयटेमच्या मागे पण. ती देते उसना रेफरन्स. उसनी आणलेली वाटी आपण भंगारात विकली, असा प्रकार. आणि इथे लगेच क्रॅश नाही झाला हो, तेच तर वाईट! सुटलेल्या फ्लोटची जागा पायथन बाजूला ठेवतो आणि पुढच्या फ्लोटला तीच देतो. त्यामुळे लिस्टमधलं पहिलं वजन, म्हणजे रिकाम्या ट्रकचं, बघता बघता भरलेल्या ट्रकचं झालं. निव्वळ माल शून्य किलो. नशीब की हे माझ्या टेबलावर टेस्टिंगमध्ये झालं, काट्यावर झालं असतं तर संत्रेवाल्याने मला तिथेच तोलला असता. सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे चुकीच्या मेमरीला हात लागून प्रोग्राम बंद पडणं, आला तासाभराने, तो पण पावती छापताना, जिथे चूक नव्हतीच.

पार्टनर म्हणे, "काऊन बे, तीन दिवस एका ओळीसाठी?" एक नाही, दोन ओळी. एक टाकायची होती, एक काढायची होती.

पायथन 3.13 मध्ये पायलिस्ट_गेटआयटेमरेफ आलंय, ते उसना नाही, आपल्या हक्काचा रेफरन्स देतं. काट्यावर अजून जुनंच व्हर्जन आहे, म्हणून सध्या सी च्या फाइलमध्ये प्रत्येक कॉलच्या बाजूला मराठीत कॉमेंट आहे: उसना, आपला, गिळला.