येऊरचा दगड काही कामाचा नाही

ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगरवाटेवर पाय ठेचकाळतो तो काळा बेसॉल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला दगड, साधारण ६.६ कोटी वर्षांचा. भाचीला सांगितलं तर म्हणते, "मामा, एवढाच? मग पृथ्वीचं वय कुठल्या दगडावरून काढलं?"

बरोबर अडवलं! पृथ्वीने आपले पहिले दगड कधीच वितळवून, झिजवून टाकलेत. म्हणून वय काढलं ते आकाशातून पडलेल्या दगडांवरून. सूर्याभोवती धूळ-वायूच्या ज्या फिरत्या चकतीतून ग्रह जमले, तिथलाच हा उरलेला माल.

अमेरिकी शास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी ॲरिझोनात पडलेल्या उल्केतलं शिसं मोजलं. युरेनियमचं हळूहळू शिसं होतं. किती झालं त्यावरून वय निघतं. पण हवेतलंच शिसं नमुन्यात शिरायचं आणि आकडे बिघडायचे. या गृहस्थाने प्रयोगशाळा घासूनपुसून लख्ख केली आणि १९५६ मध्ये उत्तर छापलं: ४५५ कोटी वर्षं. मग हवेत एवढं शिसं येतं कुठून, याच्या मागे लागून पेट्रोलमध्ये शिसं घालणाऱ्या बड्या उद्योगाशी भांडण घेतलं. मला तर वयापेक्षा हेच जास्त आवडतं. आपल्याकडे शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झालं. घोडबंदर रोडचा धूर मात्र आहेच, तो वेगळा विषय.