आज पण तेच?

माझं दिवसभराचं जेवण एका दमात सांगून होतं. सकाळी मुगाचं एक छोटं धिरडं, त्यात किसलेलं पनीर. दुपारी वाटीभर घट्ट मुगाचं वरण, त्यातच दुधी नाहीतर लाल भोपळा शिजवून घोटलेला. चार वाजता चक्का, मीठ आणि जिरेपूड घालून. रात्री आत्ताआत्तापर्यंत अंडं, कधी उकडलेलं कधी भुर्जी (आता त्याच्या जागी काय आलंय ते शेवटी सांगते), आणि घरात जी काय मऊ भाजी असेल ती दोन चमचे. झालं. काल हेच होतं, उद्या पण हेच असणार आणि पुढच्या मंगळवारी मी काय खाणार हे तुम्ही मला आजच सांगू शकता.

हे ऐकल्यावर लोकांचे दोन गट पडतात. एक गट म्हणतो, अगं बाई, कंटाळा नाही का येत, आणि हे म्हणताना चेहरा असा करतात की घरात काहीतरी वाईट घडलंय. दुसरा गट म्हणतो, काय कंट्रोल आहे गं तुझा, मानलं! मला पहिला गट त्यातल्या त्यात परवडतो, कारण दुसरा गट लगेच पुढे 'मला नाही बाई जमत' सुरू करतो आणि मग त्यांच्या न जमण्याची गोष्ट मला अर्धा तास ऐकावी लागते.

तर माझी स्लीव्ह सर्जरी, म्हणजे वजन कमी करायला पोट लहान करायचं ऑपरेशन, झालीय, दोनेक वर्षं होत आली. नातेवाईकांत सांगितलं की पहिला प्रश्न हमखास, ती गडकरींनी केली होती तसली का? नितीन गडकरींनी २०११ मध्ये वजनाचं ऑपरेशन करून घेतलं आणि तेव्हापासून आपल्याकडे घराघरात लोकांना एवढं तरी माहीत झालं की असलं काही असतं, त्यामुळे मी आपली 'हो, तसलीच' म्हणते आणि विषय पुढे ढकलते. स्लीव्हमध्ये पोटाच्या पिशवीचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग कापून काढून टाकतात, उरतं ते केळ्याएवढं, असं डॉक्टर लोक सांगतात. सुरुवातीला त्यात शंभर-दीडशे मिली मावतं. म्हणजे चहाचा एक कप, आणि तोही हॉटेलातला नाही, घरातला.

पण खरी गंमत पोट लहान होण्यात नाहीये. जो भाग काढतात ना, त्यातच घ्रेलिन नावाचं भूक लावणारं हार्मोन मुख्यतः तयार होतं. जपानमधल्या शास्त्रज्ञांनी हे १९९९ मध्ये शोधून काढलं. म्हणजे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो की भूक मनाची असते, जिभेवर ताबा पाहिजे, खाण्याचा मोह वाईट, आणि मोठेपणी कळलं की त्यातली बरीचशी पोटाच्या वरच्या कोपऱ्यातून येणारी केमिकलची चिठ्ठी होती. ऑपरेशननंतरचे पहिले काही महिने मला भूकच लागायची नाही. कुकरची शिट्टी झाली, फोडणीचा वास आला, सगळ्यांचं जेवण झालं, आणि मी मोबाईलमधला अलार्म वाजला म्हणून उठून खायचे. कंट्रोल कसला डोंबलाचा. इंजिनच बंद होतं तर ब्रेक लावल्याचं कौतुक कशाला?

आणि भूक नसली तरी खावं तर लागतंच. दिवसाला कमीत कमी ६० ग्रॅम प्रोटीन, असं सांगून ठेवलेलं असतं. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम असतं, म्हणजे करा हिशोब. वर पाणी जेवताना प्यायचं नाही, जेवणानंतर अर्धा तास थांबायचं, घास चावून चावून पार लगदा करायचा. एवढ्याशा जागेत आधी कांदेपोहे गेले तर प्रोटीनला उभं राहायला जागा नाही. म्हणून यादी आपोआप लहान होत जाते. त्यातून काही पदार्थ अडकतात. हे ज्याला झालंय त्यालाच कळेल. भाकरीचा कोरडा घास, पाव, चिकनचा छातीकडचा तुकडा, चिकट भात, यातलं काहीही घाईत गिळलं की छातीच्या मधोमध येऊन बसतं, तोंडात लाळ सुटत राहते, ना खाली जात ना वर येत, आणि आपण पाहुण्यांसमोर 'आलेच हं' म्हणून गॅलरीत जाऊन येरझाऱ्या घालतो. असं झालं की दुसऱ्या दिवशी मुगाचं वरण जे काय आवडतं म्हणून सांगू! जे नीट बसतं ते परत करायचं, एवढंच माझ्या मेनूचं तत्त्वज्ञान आहे.

आता कंटाळ्याबद्दल. येतो ना, येत कसा नाही. पण तो ज्या गोष्टीचा येईल असं वाटलं होतं तिचा येत नाही.

आमच्या ऑफिसात दुपारी सगळ्याजणी एका टेबलावर बसतो. एकीची शेवभाजी, एकीची भरली वांगी, एकीकडे कायम काहीतरी पनीरचं कारण तिच्या मुलाला दुसरं चालत नाही, कोणाच्या तरी माहेरून आलेलं लोणचं. आपल्या डब्यात दोन पोळ्या आणि एक भाजी, पण पोटात जायच्या सहा भाज्या. मी वर्षानुवर्षं तशीच जेवले आणि मला नेहमी वाटायचं की मी तर दोनच पोळ्या खाते, तरी वजन का वाढतंय. मग कुठेतरी वाचलं की १९८१ मध्ये बार्बरा रोल्स या संशोधक बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना सँडविच खायला दिले होते, एकदा सगळे एकाच सारणाचे आणि एकदा चार वेगवेगळ्या सारणांचे, तर चार प्रकार असताना लोकांनी जवळजवळ एक तृतीयांश जास्त खाल्लं. एकच चव खाऊन खाऊन त्या चवीपुरतं मन भरतं, पण दुसरी चव आली की परत जागा होते. हे वाचून मी हसले, कारण हे सांगायला प्रयोग कशाला पाहिजे, आमच्याकडच्या लग्नाला या की. पानात डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं, उजवीकडे बटाट्याची भाजी, अळूचं फदफदं, मधे वरणभात त्यावर तूप, मग मसालेभात, मग जिलेबी, आणि जिलेबीने गोडमिट्ट झालं की मठ्ठा, मठ्ठ्याने तोंड साफ झालं की परत जिलेबी. ज्याने कोणी हे पान वाढायची पद्धत बसवली तो माणूस (बाईच असणार!) या विषयातला फार मोठा जाणकार होता. पोट भरलं हे कळूच द्यायचं नाही असा सगळा बंदोबस्त. आणि तरीही कोणी हात आखडता घेतलाच तर आग्रहाला मामा लोक उभे असतातच.

तर ते वाटपाचं टेबल मला आता चालत नाही. म्हणजे कोणी अडवलेलं नाही, मी अजून तिथेच बसते, पण माझ्या डब्यातलं वरण कोणाला नको असतं आणि त्यांच्या डब्यातलं मला फार झेपत नाही. पहिले काही दिवस सगळ्यांचे डबे सवयीने माझ्याकडे सरकायचे आणि मी नको म्हटलं की परत जायचे. मग सरकायचे बंद झाले. माझ्यासाठी अवघड काही असेल तर हे आहे. शेवभाजी नाही मिळाली तर माझं काही अडत नाही, पण 'हे बघ खाऊन, तिखट झालंय का' हे आता मला कोणी विचारत नाही. एक अपवाद आहे, आमच्यातली सगळ्यात सीनियर. ती न विचारता डब्याच्या झाकणावर प्रत्येक भाजीचा नखाएवढा ठिपका ठेवते आणि झाकण माझ्यापुढे सरकवते. मी ते चाखते आणि रीतसर मत देते. जिभेला तेवढं पुरतं.

घरी वेगळीच तऱ्हा. माझ्यासाठी काय करायचं हा प्रश्न संपला, पण बाकीच्यांसाठी आहेच. रोज सकाळी ओट्यापाशी उभं राहून आज भाजी काय करू हे विचारायचं, नवरा 'काहीही कर' म्हणणार, लेक 'कालची नको' म्हणणार, आणि आपण फ्रिज उघडून कोबीकडे बघत उभं राहायचं. बायकांची निम्मी हयात यात जाते आणि याचा पगार कुठल्याच स्लिपवर येत नाही. माझ्या ताटापुरती तरी ही मीटिंग आता होत नाही. मूग रात्री भिजले की सकाळचं ठरलं. एवढ्या एका गोष्टीने डोक्यात जी शांतता झालीय तिच्याबद्दल डॉक्टरांनी आधी काहीच सांगितलं नव्हतं. आणि दुसरं म्हणजे ताटातलं उरलेलं संपवायची माझी नोकरी सुटली. लेकीने टाकलेली अर्धी पोळी, पातेल्याच्या तळाची दोन चमचे आमटी, एकच उरलीये म्हणून खाऊन टाकलेली पुरी, हे सगळं आधी माझ्या पोटात जायचं. आता सरळ डब्यात जातं आणि उद्या नवऱ्याच्या ताटात येतं. त्याचं वजन जरा वाढलंय.

आणि तसं बघायला गेलं तर रोज तेच हे पण तितकंसं खरं नाही. चक्का घ्या. नाशिकच्या मे महिन्यात दही चार तासात लागतं आणि जरा विसरलं की आंबट ढाण, त्याचा चक्का खाताना डोळे मिटतात. डिसेंबरात तेच विरजण रात्रभर शाल पांघरून बसतं तरी सकाळी पातेलं हलवलं की दूधच डुचमळतं, मग दुपारपर्यंत वाट बघा, पण त्याचा चक्का इतका गोडसर की मीठसुद्धा नको वाटतं. मुगाचंही तसंच, दुकान बदललं की धिरड्याचा रंग बदलतो. आधी मला यातलं काही कळायचं नाही. ताटात दहा पदार्थ असताना दह्याकडे कोण एवढं लक्ष देतं.

डाएटिशियनला मात्र माझं हे प्रेमप्रकरण मंजूर नाही. दर खेपेला ती म्हणते, मॅडम, व्हरायटी आणा, आणि बरोबरच आहे तिचं. तेच तेच खाऊन प्रोटीन भरेल पण बाकीच्या बारीकसारीक गोष्टी राहून जातात, म्हणून तर आयुष्यभर गोळ्या आहेत, मल्टिव्हिटॅमिन, बी-१२, डी-३, कॅल्शियम, लोह, त्यातही लोह आणि कॅल्शियम एकावेळी घ्यायचं नाही, मधे दोन तास सोडायचे. खरं सांगायचं तर माझ्या दिवसात आता गोळ्यांची व्हरायटी जेवणापेक्षा जास्त आहे. तिच्या सांगण्यावरून मी प्रोटीन पावडर पण आणली. व्हॅनिलावाली उघडली की अख्ख्या घराला स्वस्तातल्या केकचा वास, म्हणून बिनचवीची आणली आणि मोठ्या हुशारीने गरम वरणात टाकली तर तिच्या गुठळ्या झाल्या. कोमट झाल्यावर घालायची असते.

या सगळ्यात मला सगळ्यात कमी प्रश्न विचारले ते सासूबाईंनी. त्या सिन्नरकडच्या. ऑपरेशन होऊन घरी आले तेव्हा सगळे हळहळत होते की आता हिचं कसं व्हायचं, रोज वरणाचं पाणी नि ताक, तर त्या म्हणाल्या, "त्यात काय, आमच्याकडं काय रोज येगळं व्हायचं का? बाजरीची भाकरी, वर ठेचा नाहीतर हुलग्याचं कायतरी. जे शेतात तेच ताटात." मला ते फार पटलं. आमची आत्ताची पिढी सोमवारी इडली, मंगळवारी पास्ता, बुधवारी पावभाजी करते आणि यालाच साधं घरचं जेवण म्हणते. रोज वेगळं पाहिजे ही सवय तशी नवीनच, आणि तीसुद्धा ज्याला परवडते त्याची. अर्थात जुनं सगळं छान होतं असं मी म्हणणार नाही, त्यांना दुसरं मिळत नव्हतं म्हणून त्या तेच खात होत्या आणि मी फ्रिज भरलेला असताना खातेय, यात फरक आहे आणि तो मोठा आहे.

तर मागच्या आठवड्यात व्हरायटीचा विषय घरात निघाला आणि सासूबाई म्हणाल्या, मी शेंगोळे करते, खाऊन बघ. हुलग्याच्या पिठात लसूण, मिरची, जिरं घालून घट्ट मळायचं, एकेक हातावर वळून कडबोळ्यासारखं करायचं आणि फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडायचं. हुलग्यात प्रोटीन चांगलं, शिजून मऊ होतात, रस्सा असतो त्यामुळे अडकत नाहीत. मी भीत भीत दोन खाल्ले. बसले. छातीत काही नाही, गॅलरी नाही. चव तर अशी की झाकणावरचे ठिपके विसरावेत. डाएटिशियनला फोटो पाठवला, तिचा अंगठा आला. मग मी दुसऱ्या दिवशी पण सांगितले. तिसऱ्या दिवशी पण. रात्रीचं अंडं गेलं आणि तिथे शेंगोळे आले, फिक्स.

काल संध्याकाळी सासूबाई पिठाची परात पुढ्यात घेऊन बसल्या होत्या, चारेक वळून झाले आणि त्यांनी हात थांबवला. "अगं बया, रोज रोज काय तेच तेच! कंटाळा कसा येत नाही गं तुला? उद्या जरा दुसरं कायतरी सांग."