इकोआरवनची नळी शनिवारी आली, हातात सोमवारी पडली

खानापूरहून रोज बेळगावला जाऊन एमएस्सीचा प्रोजेक्ट केला. प्लाझमिड (जिवाणूतला छोटा गोल डीएनए) काढणं, डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणारं जेल ओतणं यात कुठंच अडलं नाही. अडलं ते इकोआरवन, म्हणजे डीएनए ठरावीक जागी कापणारं एन्झाइम मागवताना, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

नखाएवढी नळी, पण खरेदी विभागाला तीन कोटेशनं हवीत. तिसरं ईमेलवर आलं म्हणून ‘सही-शिक्क्याचं आणा’ सांगून फाईल परत. ‘नाळी बर्री’ (कन्नडमध्ये ‘उद्या या’) ऐकून ऐकून कान किटले. पाच आठवडे गेले.

शेवटी पार्सल आलं ते शनिवारी दुपारी, स्टोअर बंद झाल्यावर. वॉचमनमामांनी सही करून बॉक्स टेबलाखाली ठेवला. ऐन एप्रिल. पत्त्यावर माझा नंबर नव्हता, स्टोअरचा लँडलाईन होता. सोमवारी थर्माकोलचा बॉक्स उघडला तर टेप ओली आणि आतल्या जेलच्या पिशव्या कोमट. स्टोअरमधले साहेब म्हणाले, "अहो, पातळच आहे की, बिघडलं कशावरून?" रडूच आलं. या एन्झाइममध्ये निम्मं ग्लिसरॉल असतं, ते साठवायच्या उणे 20 अंशांतही गोठत नाही. पातळ दिसलं म्हणून ते धड आहे असं होत नाही.

खात्री करायला लॅम्डा या विषाणूचा डीएनए घेतला, 48,502 बेसजोड्यांचा. जी-ए-ए-टी-टी-सी हा क्रम त्यात 5 ठिकाणी आहे. इकोआरवन तिथं जी आणि पहिल्या ए-च्या मध्ये कापतं, म्हणजे 6 तुकडे पडायला हवेत. 37 अंशांवर तासभर ठेवलं. जेलवर वरच्या बाजूला नुसता जाड पट्टा, खाली काही नाही, म्हणजे डीएनए कापलाच गेला नव्हता. मैत्रीण म्हणाली, "जास्त घाल ना." तसं करू नका. ग्लिसरॉल पाच टक्क्यांवर गेलं की एन्झाइम भलत्याच जागी कापायला लागतं. एन्झाइम एकूण मिश्रणाच्या दहाव्या भागाहून जास्त नको.

दुसरी ऑर्डर देताना विक्रेत्याला बजावलं, माल सोमवारीच निघाला पाहिजे. पत्त्यावर माझा मोबाईल नंबर ठळक लिहिला. बुधवारी मासेवाल्या काकांकडून बर्फ घेऊन मी स्वतः गेटवर उभी राहिले.

हो, लायगेझचं (डीएनएचे तुकडे जोडणाऱ्या एन्झाइमचं) बफर आलं की लगेच छोट्या छोट्या नळ्यांत वाटून ठेवा. त्यात जोडणीला ऊर्जा देणारं एटीपी असतं, वारंवार गोठवून वितळवलं की ते वाया जातं. आणि लॅम्डा जेलवर चढवण्याआधी 65 अंशांवर पाच मिनिटं तापवा, नाहीतर दोन्ही टोकांचे तुकडे एकमेकांना चिकटतात आणि 3,530 बेसजोड्यांची पट्टी फिकी पडते.

यावेळी नव्या एन्झाइमनं लॅम्डा कापून यूव्हीखाली जेलवरच्या पट्ट्या मोजल्या तर पाचच. पोटात गोळा आला. मग सरांनी मधल्या जाड पट्टीवर बोट ठेवलं. 5,804 आणि 5,643 बेसजोड्यांचे तुकडे इतके जवळ असतात की एकच दिसतात. सहाही होते. त्याच दुपारी प्लाझमिड कापायला घेतलं आणि शेवटची खानापूर बस पकडली.